दोघंही म्हणतात ‘बरं आहे’: पार्किन्सन्समधली जाणीव आणि आपली मोजपट्टी

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, “लिटरेचर रिव्ह्यूमध्ये टीका करायची म्हणजे नक्की काय करायचं? एवढ्या मोठ्या लोकांनी लिहिलेलं, त्यात आपण काय चूक काढणार?” चूक काढायलाच हवी असं नाही. एखादं मोजमाप कोणती माणसं डोळ्यासमोर ठेवून बनलं, आणि ते वेगळ्या माणसांवर लावलं की त्याचं काय होतं, एवढं नीट पाहिलं तरी रिव्ह्यूचा अर्धा जीव त्यात येतो. आज एक मोजमाप घेऊन तसं करून बघू. आजार आहे पार्किन्सन्स, प्रश्न आहे तो ज्याला झाला त्याला स्वतःची बुद्धी मंदावल्याचं कळतं का हा, आणि माणसं आमच्या शहापूर-मुरबाड तालुक्यांतली.

आधी थोडी पार्श्वभूमी. पार्किन्सन्सला आपल्याकडे कंपवात म्हणतात आणि त्या नावातच घोळ आहे, कारण कंप तेवढा दिसतो. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला. त्यात सहा माणसांची वर्णनं आहेत आणि बुद्धी शाबूत राहते असं त्याने स्पष्ट नोंदवलंय. गंमत अशी की या सहांतली काही माणसं त्याने नुसती रस्त्यात पाहिली होती. रस्त्याने जाणाऱ्या माणसाची चाल दिसते. त्याचा वाण्याकडचा हिशोब चुकायला लागलाय का, ते कसं दिसणार? तरीही ‘हा फक्त हालचालीचा आजार’ ही समजूत पुढे शंभरहून जास्त वर्षं टिकली. आज चित्र वेगळं आहे. मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या २०११ च्या आढाव्यात, स्मृतिभ्रंश नसलेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांपैकी सरासरी २६.७ टक्क्यांना सौम्य बौद्धिक घट आढळली. म्हणजे साधारण चारांत एक. आणि आजार जुना होत जातो तसा पूर्ण स्मृतिभ्रंश होणाऱ्यांचा आकडा वाढत जातो.

आता जाणिवेकडे येऊ. १९१४ साली बाबिन्स्की या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टने ‘ॲनोसॉग्नोसिया’ हा शब्द काढला. अर्धांगवायू झालेले काही रुग्ण आपला हात हलत नाही हे मान्यच करत नाहीत, ते खोटं बोलत नसतात, त्यांना ते खरंच कळत नसतं, असं त्याचं निरीक्षण होतं. मी त्याला ‘आजाराचं अभान’ म्हणते. हालचालींच्या आजारांत हे अभान चांगलंच ओळखीचं आहे. हंटिंग्टनच्या आजारात अंग आपोआप वेडंवाकडं हलत असतं, समोरच्याला ते लख्ख दिसतं, रुग्णाला मात्र जाणवत नाही. पार्किन्सन्समध्ये लेव्होडोपाच्या गोळ्यांनी होणाऱ्या जादा हालचालींबाबतही तसं घडतं. बुद्धीच्या बाबतीत कारण साधारण असं सांगतात: या आजारात मेंदूच्या पुढच्या भागाला खोलवरच्या केंद्रांशी जोडणारी वर्तुळं बिघडतात. कामाची आखणी करणं, एका कामावरून दुसऱ्यावर वळणं आणि आपलं आपण तपासणं ही सगळी कामं याच वर्तुळांची. म्हणजे ज्या टेबलावरच्या हिशोबात गोंधळ झालाय, त्याच टेबलाच्या कारकुनाला ऑडिटला बसवल्यासारखं.

मग हे अभान मोजायचं कसं? सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत फरकाची. एकच प्रश्नावली रुग्णाला द्यायची आणि त्याच्याजवळ राहणाऱ्या कोणाला तरी द्यायची. या दुसऱ्या माणसाला आपण माहितगार म्हणू. ‘कामाचा क्रम चुकतो का?’ रुग्ण म्हणतो कधीच नाही, शून्य. बायको म्हणते बऱ्याचदा, तीन. फरक तीन. सगळ्या प्रश्नांचे फरक मिळवले की अभानाचा आकडा तयार. फरक मोठा तर अभान मोठं, फरक शून्य तर जाणीव पूर्ण. दुसरी पद्धत म्हणजे माहितगाराच्या जागी चाचणीचे गुण ठेवायचे आणि रुग्णाचं म्हणणं त्यांच्याशी ताडून बघायचं.

पेपर वाचताना इथे पेन्सिलीने एक रेघ मारा. फरक काढायला दोन टोकं लागतात. त्यांतलं एक, म्हणजे रुग्ण, संशयित म्हणून उभं केलंय. दुसरं सत्य म्हणून गृहीत धरलंय. हे गृहीतक पद्धतीच्या परिच्छेदात कुठेच वाक्य म्हणून लिहिलेलं नसतं, ते वजाबाकीच्या चिन्हात लपलेलं असतं.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी हरकत त्या शून्यावर आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा गोव्यातल्या म्हातारपणावरचा २००१ चा अभ्यास वाचा, तयारी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. स्मृतिभ्रंशाची लक्षणं लोकांच्या ओळखीची होती, पण तो आजार आहे असं कोणी मानत नव्हतं. वय झालं की होतं असं, इतकंच. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरोघर आहे, त्यामुळे याचं आपल्याला नवल वाटू नये. आता मुरबाडमधल्या धसई-टोकावड्याकडचं एखादं घर डोळ्यासमोर आणा. बाबांना पार्किन्सन्स आहे. त्यांना विचारलं, “डोकं कसं चालतंय?” ते म्हणाले, “बरं आहे.” सुनेला विचारलं, तीही म्हणाली, “बरं आहे की, वयाच्या मानानं.” फरक शून्य. आपल्या तक्त्यात या बाबांची जाणीव अगदी पूर्ण! खरं तर दोघांपैकी एकालाही घट ही घट म्हणून दिसलेली नाही. आकडा मात्र तोच, जो स्वतःच्या विसराळूपणाचं अचूक वर्णन करणाऱ्या एखाद्या निवृत्त प्राध्यापकाचा आला असता. दोन पूर्ण उलट्या परिस्थितींना जी मोजपट्टी एकच आकडा देते, तिच्यावर पुढचं रिग्रेशन कशाच्या जोरावर करायचं?

हा नुसता संशोधनाचा प्रश्न नाही, कारण निदानही याच वाटेने जातं. पार्किन्सन्समधल्या सौम्य बौद्धिक घटीचे जे निकष २०१२ साली ठरले, त्यांत चाचणीच्या बरोबरीने एक अट आहे: घट हळूहळू झाल्याचं रुग्णाने किंवा माहितगाराने सांगितलेलं असावं, नाहीतर डॉक्टरने पाहिलेलं असावं. तीन दारं ठेवली, हे समजूतदारपणाचं आहे. पण रुग्ण आणि घरचे ‘बरं आहे’ म्हणाले की उरतो डॉक्टर, आणि घट पाहायची तर डॉक्टरने माणूस आधी पाहिलेला असायला हवा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. न्यूरॉलॉजिस्ट गाठायचा तर कल्याण-ठाणे नाहीतर थेट मुंबई. शहापूरकर निदान आसनगाव-आटगावहून लोकल तरी धरतात, मुरबाडला रेल्वेच नाही, एसटीने कल्याणला जायचं. वर्षातून एकदा, कधी दोनदा, आणि दर वेळी नवा डॉक्टर. तिसरं दार आहे, पण बाहेरून कडी लागलेलं.

आता याच्या नेमकं उलट. माहितगाराला कमी दिसतं तसं कधीकधी जास्तही दिसतं, आणि हा धोका पार्किन्सन्समध्ये खास आहे. फरकाची पद्धत मोठी झाली ती अल्झायमरच्या अभ्यासांत. अल्झायमरच्या रुग्णाचा चेहरा, आवाज, चाल सुरुवातीची बरीच वर्षं नेहमीसारखी असते. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्यावरचे स्नायूच आखडतात. माणूस हसला तरी दिसत नाही, आवाज खोल जातो, प्रश्न आणि उत्तर यांच्यात मोठी पोकळी पडते. लिंडा टिकल-डेग्नेन यांच्या गटाने अमेरिका आणि तैवानमधल्या आरोग्य क्षेत्रातल्या लोकांना अशा मुखवटा झालेल्या चेहऱ्यांचे रुग्ण दाखवले. या प्रशिक्षित लोकांचेही रुग्णाबद्दलचे ग्रह चेहऱ्यावरून बिघडत होते. मग घरच्यांना काय बोल लावायचा?

शहापूर तालुक्यातल्या एका घरात मी आजोबांना विचारलं, “बाबा, यंदा भात किती झाला?” आजी लगेच म्हणाली, “त्यांना काय इचारता, त्यांना आता काय समजत नाय.” पुढच्या गप्पा सुरू झाल्या. बऱ्याच वेळाने, आम्ही दुसऱ्याच विषयावर असताना, आजोबांनी हळू आवाजात पोत्यांचा आकडा सांगितला, त्यातली किती विकली आणि किती ठेवली तेही सांगितलं. हिशोब बरोबर होता. तिथे प्रश्नावली भरली असती तर आजीने सगळीकडे वरचे गुण दिले असते, आजोबांनी खालचे, आणि माझ्या तक्त्यात आजोबांच्या नावापुढे ‘अभान: तीव्र’ असं आलं असतं. एका प्रसंगावरून सिद्ध काहीच होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण चूक दोन्ही दिशांना जाऊ शकते, एवढं त्यातून दिसतं. एकाच दिशेची चूक असती तर आकड्यांत दुरुस्ती करता आली असती. दोन्हीकडे जाणारी चूक सरासरीत नुसती विरून जाते.

आणखी एक गोष्ट पेपरांत फारशी येत नाही. माहितगार तटस्थ असतो का? ‘केअरगिव्हर’ हा शब्दच असा आहे की त्याला स्वार्थ असेल असं मनात येत नाही. पण शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेलाय, मुरबाडच्या बाजूलाही जमिनीला भाव आलेत. सातबाऱ्यावर म्हाताऱ्याचं नाव असतं. अशा घरात ‘बाबांची बुद्धी राहिली नाही’ किंवा ‘बाबांना सगळं समजतं, अंगठा त्यांनी राजीखुशीने दिलाय’ ही वाक्यं केवळ वैद्यकीय राहत नाहीत. सगळी घरं अशी असतात असं मी मुळीच म्हणत नाही. बहुतेक घरांत सुना आणि लेकी रात्र-रात्र जागून करतात. पण ज्याच्या साक्षीवर आपण ‘अभान’ ठरवणार त्याचं त्या उत्तरात काय गुंतलंय, याची एक ओळही प्रश्नावलीत नसावी, हे मला खटकतं. शिवाय कमावता मुलगा भिवंडीला किंवा कल्याणला असतो, शनिवारी घरी येतो, आणि ‘शिकलेला आहे’ म्हणून माहितगार तोच निवडला जातो. दिवसभर जवळ असलेल्या सुनेला कोणी विचारत नाही.

चाचणीला सत्य मानलं तर? पार्किन्सन्समध्ये मोका ही ३० गुणांची चाचणी फार चालते, २००५ साली ती आली. त्यात घड्याळ काढायचं, घनाकृती काढायची, आकडे आणि अक्षरं आलटून-पालटून जोडायची. बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिक्षण असेल तर एक गुण वाढवून द्यायचा. एक गुण! ज्या आजीने कधी पेन्सिल धरली नाही तिला घन काढायला सांगून वर एक गुण बक्षीस द्यायचा, याला दुरुस्ती म्हणायचं का? ही अडचण चाचणीकर्त्यांनाही कळली. कमी शिकलेल्यांसाठी मोका-बेसिक नावाची वेगळी आवृत्ती २०१५ मध्ये आली, ती थायलंडमध्ये तपासली गेली. आपल्या देशात तर हे काम त्याच्या बरंच आधी झालं होतं. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत १९९० च्या दशकात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी जुन्या एमएमएसईवरून हिंदी चाचणी बनवली, लिहिण्या-वाचण्यावर उभे असलेले प्रश्न बदलून. त्याच प्रकल्पातून रोजच्या कामांची एक मोजपट्टी निघाली, १९९९ मध्ये छापली गेली. तिच्यात चेकबुक नाही, मोटार चालवणं नाही. निरोप नीट पोचवतो का, सणवार लक्षात राहतात का, गावात वाट चुकतो का, लग्नकार्याच्या बाबतीत मत देतो का, असे प्रश्न आहेत. मला हे काम फार आवडतं. तरी पार्किन्सन्सला ते जसंच्या तसं लावू नका. लग्नाच्या बैठकीत बाबा मत देत नाहीत, ते मत उरलं नाही म्हणून, की आवाज पोचत नाही आणि कोणी थांबत नाही म्हणून? आयसीएमआरने अलीकडे भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच बनवला. हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषांपासून सुरुवात केली. मराठी त्या पाचांत नव्हती. ठाकरी किंवा कातकरी बोलणाऱ्यांची तर गोष्टच सोडा.

आपल्या पाड्यांवर प्रत्यक्ष पोचतं ते एकच साधन, आशाताईंच्या हातातला सीबॅकचा अर्ज. त्यात साठीच्या पुढच्यांसाठी चार प्रश्न आहेत: उभं राहताना-चालताना तोल जातो का, हालचालीला अडथळा आणणारं अपंगत्व आहे का, खाण्या-नेसण्यात मदत लागते का, आणि जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. पहिले तीन पार्किन्सन्सच्या माणसाला बरोबर पकडतात. बुद्धीचा मात्र चौथा एकटाच, आणि तो चुकतो. पार्किन्सन्समध्ये आधी लंगडते ती आखणी, लक्ष, वेग. नातवाचं नाव बहुधा शेवटपर्यंत आठवतं. पाड्यावर ‘पत्ता’ म्हणजे पाड्याचं नाव, तो विसरायला तर फारच पुढची अवस्था लागते. आणि मुख्य म्हणजे ‘मी विसरतो’ हे विसरणाऱ्यानेच सांगायचंय. आशाताईंना दोष नाही, अर्ज वर कुठेतरी बनतो.

मग करायचं काय? मला माहितगाराशिवायची वाट जास्त आशादायक वाटते. लिंडा क्लेअर यांच्या गटाने पार्किन्सन्समध्ये जाणिवेच्या दोन पातळ्या वेगळ्या मोजल्या: ‘माझं एकूण कसं चाललंय’ हे मत, आणि हातातलं काम करतानाची स्वतःवरची नजर. दुसरी पातळी आपल्याकडे सहज आणता येईल. आजीला विचारा, “एका मिनिटात किती रानभाज्यांची नावं सांगाल?” ती म्हणाली दहा. मग सांगायला लावा: शेवळी, टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली... झाल्यावर पुन्हा विचारा, “किती झाली असतील?” किंवा भातशेतीच्या कामांची चित्रं विस्कटून द्या, राबापासून झोडणीपर्यंत लावायला सांगा, आणि ती लावून झाल्यावर विचारा, “बरोबर लागली का?” इथे सुनेची साक्ष लागत नाही, शाळा लागत नाही.

पण यातही आपली माणसं आपल्याला फसवतील, तीही सभ्यपणाने. बॅग घेतलेला शिकलेला माणूस समोर बसला की पहिलं उत्तर येतं, “आम्हा अडाण्यांना काय येणार?” हा अंदाज नाही, शिष्टाचार आहे. म्हणून कामाआधीच्या आकड्यावर मी फार भरवसा ठेवणार नाही. कामाआधीचं आणि कामानंतरचं उत्तर यांत बदल होतो का, ते बघायचं. चारच भाज्या आठवल्या आणि तरी नंतरही “दहा झाल्या” म्हणाली, तर तिथे काहीतरी आहे. शिवाय या आजारात बोलणंच संथ होतं, तेव्हा मिनिटाच्या घड्याळाने बुद्धी मोजतोय की जीभ, हे आधी तपासा. आणि गोळीची वेळ लिहा. पहाटेची एसटी पकडून आलेल्या माणसाची सकाळची गोळी चुकलेली असू शकते. त्याची चाचणी आणि घरी गोळी लागू पडल्यावरची चाचणी एका रकान्यात टाकायची नाही.

फरकाची पद्धत टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारखा गट आहे, तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र येऊन आजाराबद्दल बोलतात. अशा घरांत ‘आखणी जमत नाही’ आणि ‘आठवत नाही’ यांतला भेद सांगायला शब्द तयार झालेले असतात. तिथला शून्य कदाचित खरा शून्य असेल. फक्त तिथे तपासलेली पट्टी आमच्या धसईला आणताना सिनॉप्सिसमध्ये ‘प्रमाणित साधन वापरले जाईल’ एवढंच लिहून पुढे जाऊ नका.

हे सगळं इतकं ताणून लिहिण्यामागे एक साधं कारण आहे. कंप कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी आपल्याकडे खूप दिली जाते, स्वस्त आहे, कंपाला गुणही येतो. पण वयस्कर माणसात ती स्मरण आणि लक्ष बिघडवते, गोंधळ वाढवते. म्हणजे काही घरांत ‘वयोमानाने’ म्हणून सोडून दिलेली घट थोडीफार गोळीची असू शकते आणि डॉक्टरने ती हळूहळू कमी केली तर सुधारूही शकते. (हळूहळू, आणि डॉक्टरनेच. एकदम बंद केली तर वेगळाच त्रास होतो.) पण डॉक्टर ती कमी कधी करेल? घट झालीय असं कोणीतरी म्हटलं तर. रुग्णाला कळत नाही, सून वयावर टाकते, अर्ज नातवाचं नाव विचारतो, आणि गोळी चालू राहते.

म्हणून माझ्या कच्च्या प्रश्नावलीत सध्या पहिला प्रश्न स्मरणाचा नाही. तो असा आहे: “बाबा, कुठल्या गोळ्या चालू आहेत? पिशवी आणून दाखवता का?”